बघू का ऐकू

आमच्या घराची मागची भिंत आणि गिरणीची भिंत एकच होती. जवळा बाजारच्या पेठेत दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिठाची गिरणी होती आणि तिच्या पाठीला पाठ लावून आमच्या दोन खोल्या. बाजाराच्या दिवशी सकाळपासून बायांचे डबे रांगेला लागायचे. मोटर सुरू होऊन पट्ट्यानं वेग घेतला की भिंत आतून थरथरायला लागायची, तांब्यातलं पाणी हलायचं, फळीवरच्या वाट्या किणकिणायच्या. पाहुणेरावळे वैतागायचे. मला मात्र त्या भिंतीला पाठ लावून बसलं की बरं वाटायचं. तो आवाज ठरलेला होता. एकदा सुरू झाला की तसाच राहायचा, मध्येच तोंड फिरवून दुसरं काही बोलायचा नाही. मला भीती होती ती लाईट जाण्याची. आवाज तुटायचा आणि घरातले बाकीचे सगळे आवाज एकदम अंगावर यायचे. चिमटा फरशीवर पडायचा, शेजारचं लेकरू रडायचं, बाहेर कुणीतरी खाकरून थुंकायचं, आणि हे सगळं एकाच वेळी, सारख्याच जोरानं. मी कानांवर हात दाबून किंचाळायचे. डबा घेऊन आलेल्या बाया मायला विचारायच्या, गिरणी चालू असली की गप बसती अन् बंद पडली की बोंबलती, हे कसलं लेकरू म्हणावं?

मी बोलायला फार उशिरा लागले. माझा धाकटा भाऊ माझ्या आधी बोलला, हे माय येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. बोलले तेव्हाही माझं असं काही बोलले नाही, गिऱ्हाइकांची वाक्यं बोलले. भूक लागली की मी म्हणायचे, "माझा डबा पुढं घ्या." झोप आली तरी तेच. दादांना त्याचं हसू यायचं. पाहुणे आले की ते मला मधोमध उभं करून बोलायला लावायचे आणि सगळे हसले की मला गूळ द्यायचे. माय हसायची नाही. ती आतून बघत उभी राहायची आणि पाहुणे गेल्यावर माझा हात धरून आत न्यायची.

खाण्यावरून सगळ्यांत जास्त मार खाल्ला. मला ज्वारीच्या भाकरीचा वरचा पापुद्रा चालायचा, खालचा जाड भाग चालायचा नाही. वरण भाकरीला शिवलं की ती भाकरी माझ्यासाठी संपली. माय त्याला माज म्हणायची. उपाशी ठेवलं की आपोआप खाईल, असं तिला चुलतीनं सांगितलं. मी खाल्लं नाही. मग तिनं माझं डोकं गुडघ्यांत धरून वरणात कालवलेला घास तोंडात कोंबला आणि नाक दाबलं. मी ओकले. ओकलेलं तिनं मलाच पुसायला लावलं आणि पुन्हा घास केला. माय वाईट बाई नव्हती, असं इथं लिहावं लागतं, लोक तशी अपेक्षा करतात. ती थकलेली होती. थकलेल्या बाईच्या हाती सापडलेल्या लेकराचं जे होतं, ते माझं झालं.

दुसरी शिकवण बघण्याची. माणूस बोलत असताना मी त्याच्या तोंडाकडे बघत नसे. भिंतीकडे, त्याच्या चपलेकडे, उंबऱ्यावरच्या मुंगीकडे बघायचे, आणि तेव्हाच त्याचं बोलणं मला नीट समजायचं. मायला त्याची लाज वाटायची. ती शेजारी बसून माझ्या मांडीला चिमटा घ्यायची, लुगड्याच्या पदराआडून, समोरच्याला दिसणार नाही असा. "वर बघ," असं ओठ न हलवता म्हणायची. मी वर बघायचे आणि समोरच्याचं बोलणं मला ऐकू येईनासं व्हायचं. मग उत्तर चुकायचं आणि चुकीच्या उत्तराचा वेगळा चिमटा बसायचा. शाळेत गुरुजींनी मला शेवटच्या भिंतीशी बसवलं होतं. तिथून कुणाचं तोंड दिसत नव्हतं, त्यामुळे मी दहावी झाले.

आता या सगळ्याला ऑटिझम म्हणतात, हे मला ठाऊक आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात. तो शब्द ज्यानं केला, तो बाहेरून बघत असला पाहिजे. मी स्वतःत मग्न कधीच नव्हते. स्वतःत जाऊन बसायला जागा असती तर मी आनंदानं बसले असते. माझ्यात सगळं बाहेरचंच भरलेलं असायचं, दुसऱ्यांच्या बांगड्या, दुसऱ्यांचे वास, दुसऱ्यांची बोलणी, आणि दाराला कडी नव्हती.

मला बघायला वसमतहून माणसं आली, तेव्हा मायनं आठ-पंधरा दिवस आधीपासून तयारी करून घेतली. काय विचारतील ते तिला माहीत होतं. आधी नाव, मग शिक्षण, मग स्वयंपाकात काय काय येतं, मग शिवणकाम. तिनं उत्तरं पाठ करून घेतली. आणि एक नवीन गोष्ट सांगितली, वर बघायचं नाही. इतकी वर्षं वर बघण्यासाठी चिमटे घेतलेले, आणि आता खाली बघायचं. मी काहून म्हणून विचारलं, तर म्हणाली, सांगते तेवढं कर.

मुलगा, त्याची आई आणि मामा अशी तिघं आली होती. मुलाचं नाव दिगंबर. तेव्हा त्याचं नाव तोंडानं घेता येत नव्हतं, आता घेते. वसमतच्या हळदीच्या बाजारात तो करीमशेठ नावाच्या अडत्याकडे मापाडी होता, म्हणजे शेतकऱ्यांच्या हळदीची पोती तोलून द्यायचं काम. मी पोहे ठेवले आणि पाटावर बसले. मामानं पहिलाच प्रश्न विचारला, किती शिकलीस? पहिलं उत्तर नावाचं होतं. मी म्हणाले, प्रयाग. त्यांनी विचारलं, नाव काय? मी म्हणाले, दहावी पास. तिघंही हसले. लेकरू घाबरलं, असं मामा म्हणाले. गोंधळ झाल्यावर मला भीती वाटली की आता बघण्याचाही नियम बदलला असेल, म्हणून मी मायला सगळ्यांसमोर विचारलं, "माय, आता बघायचं का न्हाई?"

मायचं कोपर माझ्या बरगडीत घुसलं. पण दिगंबरच्या आईला ते फार आवडलं. ती दादांना म्हणाली, "मानच वर करत न्हाई बघा. अशी पोरगी आजकाल दिवा घेऊन हुडकली तरी घावत न्हाई." चिमटे खाऊनही जे माझं सुटलं नव्हतं, त्यालाच ती संस्कार म्हणत होती. मायनं त्या बाईला दुसऱ्यांदा चहा दिला. घरात कुणी एका शब्दानं त्यांना काही सांगितलं नाही. माझ्या देखत चुलतीनं मायला विचारलं होतं, सांगायचं का गं त्यांला? माय म्हणाली, नांदायला लागली की होईल बराबर.

लग्नातलं मला हळदीचं तेवढं लख्ख आठवतं. बाया हसत होत्या, गात होत्या, आणि ओली हळद तोंडाला, मानेला, दंडाला थापत होत्या. ती वाळायला लागली तशी माझी कातडी सगळीकडून ओढली जायला लागली, कुणीतरी मला लहान मापाच्या कातडीत कोंबल्यासारखं. मी नखांनी ओरबाडून ती काढायला लागले, तर दोघींनी माझे हात धरले आणि गाणं तसंच पुढं चालू राहिलं. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा मी दिगंबरच्या सदऱ्याच्या बटणाकडे बघत होते. वसमतला उंबऱ्यावर बाया म्हणाल्या, नाव घे. मी म्हणाले, दिगंबर. तो हशा अजून माझ्या कानात आहे. कुणीतरी म्हणालं, अगं उखाण्यात घे. मला एकही उखाणा पाठ करून दिलेला नव्हता.

सासरचं घर शांत होतं, आणि मला तीच शांतता सोसवेना. तिथं एकही ठरलेला आवाज नव्हता. सासू मध्येच पातेलं आपटायची, मध्येच हाक मारायची, मध्येच हसायची. बसल्या जागी मी पुढंमागं डोलायला लागले. डोललं की बरं वाटायचं. सासूनं आधी विचारलं, मग दटावलं, मग लाटणं उचललं. तिचं मन राखायला मी थांबायचे आणि थोड्या वेळानं माझ्याही नकळत पुन्हा डोलत असायचे. ती मला सांगायची, जरा भाजीकडं बघ, आणि मी भाजीकडे बघत बसायचे, ती जळेपर्यंत. मी मुद्दाम तिला खिजवते आहे, असं तिचं ठाम मत झालं. तिच्या जागी कुणाचंही झालं असतं. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

दिगंबर संध्याकाळी यायचा तेव्हा त्याच्या पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांत, नखांत हळद असायची. तो अंघोळ करायचा, तरी ती जायची नाही. तो जवळ आला की तो वास माझ्या घशात उतरायचा आणि मी अंग आक्रसून घ्यायचे. पहिले काही महिने त्यानं धीर धरला, हे खरं आहे. जवळा बाजारच्या पोरी लाजाळू असतात का, असं तो हसून विचारायचा. पुढं हसणं बंद झालं. तू माझ्याकडं बघत काहून न्हाईस, एवढंच विचारायला लागला. मग दुसरा कुणी मनात आहे का, हे विचारायला लागला. मी न्हाई म्हणायचे, ते भिंतीकडे बघून. त्याला वाटायचं, खोटं बोलणारी बाईच अशी भिंतीकडे बघते. मग तो माझी हनुवटी धरायला लागला. अंगठा एका गालावर, बाकीची बोटं दुसऱ्यावर, आणि पोतं सरळ करावं तसं माझं तोंड आपल्याकडे वळवायचा. मी डोळे मिटले की दुसऱ्या हातानं पापणी उघडायचा.

एका सकाळी मी त्याच्या हाताला चावले. ठरवून नाही. पिवळा अंगठा माझ्या तोंडाजवळ होता आणि मला श्वास घेता येत नव्हता, एवढंच आठवतं. रक्त आलं. सासूनं बोंब मारली, गल्ली गोळा झाली. त्या दिवसापासून मी येडी ठरले. घरात हळदीची पोती ठेवायची एक खोली होती, खिडकी नसलेली. पाहुणे आले, शेजारणी आल्या, की मला त्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायचे. मारापेक्षा ती खोली वाईट होती. त्या वासात मला वेळ समजायचा नाही. मी दारावर डोकं आपटायचे, आणि बाहेर सासू पाहुण्यांना सांगायची, ऐका, मी म्हणत होते का न्हाई?

अखेर त्यांनी दादांना बोलावून घेतलं. माय आली नाही. ओसरीवर सतरंजी अंथरली होती. दिगंबरचा मामा होता, आणि करीमशेठ होते, कारण दिगंबर त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता. दादा आत आले, मला दाराच्या बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "हे बघ बाई, काही विचारलं तर न्हाई म्हण. समजलं?" मी समजलं म्हणाले. दादांच्या मनात होतं की मला इथं काही त्रास नाही, असं मी सांगावं आणि बैठक मिटावी. हे मला पुढं कितीतरी वर्षांनी उमगलं.

सासूनं सगळं सांगितलं. भाजी जाळणं, डोलणं, चावणं. त्यातलं खोटं काहीच नव्हतं. दादांनी टोपी काढून सतरंजीवर ठेवली आणि चुकलं माकलं पोटात घ्या म्हणाले. करीमशेठ वयस्कर, पांढऱ्या दाढीचे. ते माझ्याकडे वळून मऊ आवाजात म्हणाले, "बेटी, तुला काही तकलीफ आहे का या घरात?"

"न्हाई," मी म्हणाले. दादांनी सुटकेचा श्वास सोडला.

"पोटभर जेवायला मिळतं?"

"न्हाई."

सासू ताठ झाली. करीमशेठनी मामाकडे बघितलं आणि पुन्हा मला विचारलं, "दिगंबर तुला मारतो का?"

"न्हाई."

"मग नांदायचंय ना बेटी तुला?"

"न्हाई."

दादा उठले आणि सगळ्यांसमोर त्यांनी माझ्या तोंडात मारली. त्यांनी का मारलं, ते मला कळलंच नाही. मी त्यांनी सांगितलं होतं तसंच केलं होतं, एकही उत्तर चुकलं नव्हतं. मी तसं म्हणालेही, तुम्हीच न्हाई म्हण म्हणलात, आणि दादा मान खाली घालून पुन्हा बसले. मामा मिशीत हसत होता. सासूच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेला दिगंबर बोलला. चावलेल्या अंगठ्याला अजून चिंधी होती. "मला बाकी काही न्हाई पाहिजे," तो करीमशेठना म्हणाला. "तिला म्हणा, एकडाव माझ्याकडं बघ. सगळ्यांसमोर. बघितलं तर मी ठिवून घेतो. पुन्हा कदी खोलीत घालणार न्हाई."

मला वाटतं, तो खरं बोलत होता. दादा म्हणाले, "बघ बाई, एकडाव बघ." मी मान वर केली. त्याच्या सदऱ्यापर्यंत आले, गळ्यापर्यंत आले, मिशीपर्यंत आले. आणि त्याच वेळी तो मला काही सांगायला लागला. मी तुला काय कमी केलं, असं काहीतरी. ओठ हलताना दिसत होते आणि आवाज विरून चालला होता. तो महत्त्वाचं बोलतो आहे, हे मला कळत होतं, आणि ते निसटून जाईल म्हणून मी घाईनं नजर खाली सतरंजीवर आणली.

"बघू का ऐकू?" मी त्याला विचारलं. "दोन्ही एकदम व्हत न्हाई मला. तुमच्या डोळ्यात बघितलं की तुमचं बोलणं ऐकू येत न्हाई. कोणतं करू ते सांगा."

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी हे सांगितलं होतं. पाठ केलेलं नव्हतं, कुणाचं ऐकलेलं नव्हतं, माझं होतं. पुढं डॉक्टरांच्या तोंडून मी जे ऐकलं, ते याहून फार वेगळं नव्हतं. मामा मोठ्यानं हसला. सासू म्हणाली, ऐकलं? आता बहिरी बी हाय म्हणती. दिगंबर उठून आत गेला. करीमशेठना बाजारात जायचं होतं, सौदे सुरू व्हायची वेळ झाली होती. त्यांनी चपला घालता घालता दादांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नागोराव, लेकीला घेऊन जा."

एसटीत दादा माझ्याजवळ बसले नाहीत. पुढच्या बाकावर बसले, पाठ करून. जवळा बाजार दिसायला लागल्यावर मागं न वळता म्हणाले, "तू मेली असतीस तर चार माणसांत रडता तरी आलं असतं." मी ते लक्षात ठेवलं, कारण ते मला पूर्ण समजलं. दादा इतकं सरळ माझ्याशी आधी कधीच बोलले नव्हते.

मायनं मला बाजूच्या दारानं आत घेतलं. त्या दिवसानंतर तिनं मला कधी चिमटा घेतला नाही, घास कोंबला नाही. माझा पापुद्रा वेगळा काढून ताटात टाकायची आणि निघून जायची. मला वाटायचं, तिला आता कळलं असावं. तसं नव्हतं. तिला आता माझ्याकडून काही नको होतं, एवढंच. दिगंबरनं दुसरं लग्न केलं. मी गावच्या वाचनालयात आधी झाडायला लागले, मग पुस्तकं लावायला लागले, आणि तिथंच राहिले. पुस्तक कितीही बोललं तरी त्याच्या डोळ्यात बघावं लागत नाही.

दादा गेले. माय आहे, ऐंशीच्या घरात, भावाकडे, म्हणजे माझ्यासकट सगळे एकाच घरात आहोत. भावाची नात आरोही चार वर्षांची होऊनही बोलेना, तेव्हा तिला नांदेडला दाखवलं. ती माझ्याजवळच बसते, म्हणून मलाही नेलं. डॉक्टरबाई तिच्या आईला विचारत होत्या, आवाजाचा त्रास होतो का, नजर देते का, आणि उत्तरं माझ्याच तोंडून जात होती. बाईंनी लिहिणं थांबवलं आणि मला विचारलं, आजी, तुमचं लहानपण कसं होतं? पुढं त्यांनी माझीही तपासणी केली. आरोहीला आणि मला एकच नाव मिळालं, तिला पाचव्या वर्षी, मला साठीच्या तोंडाशी. घरी आल्यावर आरोहीच्या आईनं मायला सगळं समजावून सांगितलं. मायनं दोनदा विचारून घेतलं.

परवा सकाळी मी शेंगदाण्याची चटणी करायला मिक्सर लावला. माय दारात आली. कंबर वाकलेली, आरोहीला पुढ्यात घेतलेलं आणि तिच्या दोन्ही कानांवर आपले हात ठेवलेले. मला म्हणाली, "बंद कर ते. लेकराला तरास होऊन राहिला, दिसत न्हाई का तुला?"

मी बटण बंद केलं. आणि मला जे विचारायचं होतं, ते विचारलं. "माय, माझ्या येळेला तू असं काहून न्हाई केलंस?"

ती रागावली नाही. तिनं खरंच विचार केला. मग म्हणाली, "तुझं लगीन करायचं होतं न."

"अन् हिचं?"

"हिचं न्हाई झालं तरी चालतंय आता."

मग आरोहीच्या कानांवरचे हात काढून तिनं तिचे केस सारखे केले आणि मला म्हणाली, मिक्सर बाहेर नेऊन लाव. बाहेर प्लग नाही. मी परसात पाटा मांडून शेंगदाणे वाटले, आवाज होणार नाही अशा बेतानं, सावकाश. दुपारी जेवताना माय म्हणाली, चटणी भरडच राहिली.